शोधमार्गाची कैफियत

हजार ओळी आणि हजार स्तंभांचे मॅट्रिक्स पुढे टाकून त्यातील हजार अज्ञातांच्या किमती काढून दे, असा हुकूम आजच्या कोणत्याही साधारण संगणकाला सोडला, तर पापणी लवते न लवते तोच तो उत्तर घेऊन हजर होतो, आणि मॅट्रिक्स स्वभावाने सरळ असेल तर ते उत्तर दशांशचिन्हाच्या पुढे दहा-बारा स्थळांपर्यंत निर्धास्तपणे मानावे इतके अचूक असते. परंतु हे अद्भुत कृत्य ज्या फाइलीतील आज्ञांनी व्हावयाचे, ती फाइल शेजारच्या फोल्डरच्या पोटातील फोल्डरात आहे, एवढीच गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसली, म्हणजे हाच महापंडित ‘या नावाचे काही मला ठाऊक नाही’ असे तांबड्या अक्षरांत लिहून मोकळा होतो. पडद्याच्या डाव्या अंगाला त्या फोल्डरचे चित्र, त्याच्या पोटात त्या फाइलीचे नाव, नावावर टेकलेले मनुष्याचे बोट, आणि उजव्या अंगाला ती फाइल अस्तित्वातच नसल्याचा दाखला, असे दृश्य ज्या प्रयोगशाळेत दिवसातून एकदाही दिसत नाही, ती प्रयोगशाळा सुट्टीवर आहे असे खुशाल समजावे.

मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह ही गणिती कामाची जी दोन सॉफ्टवेअरे अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि संशोधनसंस्थांतून घरोघरच्या भांड्यांइतकी परिचित झाली आहेत, त्यांच्या या वर्तनाचा उगम शोधमार्ग नावाच्या एका यादीत आहे. बोलताना सगळे तिला नुसते ‘पाथ’ म्हणतात. जुन्या सरकारी दफ्तरखान्यातील एखादा कारकून डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या हाती दालनांची एक फेरिस्त दिलेली आहे. अमुक नावाचा रुमाल आणा, असे फर्माविले की तो फेरिस्तीतील पहिल्या दालनात जातो, तेथे नसल्यास दुसऱ्यात, तेथे नसल्यास तिसऱ्यात. आणि ज्या दालनात त्या नावाचा रुमाल प्रथम दृष्टीस पडेल, तेथूनच तो उचलून, धूळ न झटकता, साहेबांच्या मेजावर आणून ठेवतो. त्याच नावाचे आणखी तीन रुमाल पुढच्या दालनांत आहेत की काय, आणलेला रुमाल चालू सालचा आहे की आजोबांच्या अमदानीतला, या चौकशीत तो पडत नाही, कारण तसा हुकूम नाही. दालनाला पोटमाळा असेल, आणि पोटमाळ्याचे नाव फेरिस्तीत स्वतंत्रपणे चढविलेले नसेल, तर तो मान वर करून पाहणारसुद्धा नाही. या कारकुनाला आळशी म्हणता येणार नाही आणि लबाड तर नाहीच नाही. तो केवळ आज्ञाधारक आहे, आणि आज्ञाधारकपणाइतका उपद्रवी गुण दुसरा नाही.

या यादीचा जन्म कसा झाला हे पाहू गेल्यास मनुष्यजातीच्या स्वातंत्र्याकांक्षेलाच दोष द्यावा लागेल. गेल्या शतकाच्या आठव्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर नावाचे प्राध्यापक होते. फोरट्रान भाषेत प्रोग्राम लिहिण्याची यातायात न करता आपल्या विद्यार्थ्यांना लिनपॅक आणि आयस्पॅक या संचांतील मॅट्रिक्सची आयुधे वापरता यावीत, म्हणून त्यांनी मूळचे मॅटलॅब लिहिले. त्या मॅटलॅबला ठाऊक असलेले शब्द सगळे मिळून सत्तर-ऐंशी. आणि कोणास त्यांत आपल्या एखाद्या सूत्राची भर घालावयाची असेल, तर त्याने मोलरसाहेबांकडून मूळ प्रोग्राम मागून घ्यावा, आपला भाग फोरट्रानमध्ये लिहावा, नावांच्या कोष्टकात आपले नाव दाखल करावे आणि सबंध मॅटलॅब पुन्हा कंपाइल करावे, असा शिरस्ता होता. शिरस्ता जाचक खरा. पण त्या रामराज्यात फाइल हरवत नसे, कारण हरवण्याजोगी फाइलच नसे. पुढे जॅक लिटल आणि स्टीव्ह बँगर्ट यांनी सी भाषेत त्याचा नवा अवतार घडविला, 1984 साली मॅथवर्क्स ही कंपनी उभी राहिली, आणि वापरणाऱ्याने आपले सूत्र एका साध्या फाइलीत लिहून तिच्या नावाला ‘.एम’ हे शेपूट लावले की मॅटलॅबने ते आपल्या घरचेच मानावे, अशी सनद प्रजेला मिळाली. सनद मिळताच प्रजेने फाइली लिहिल्या. फाइली झाल्या म्हणून फोल्डर केले. फोल्डर झाले म्हणून यादी आली. आणि यादी आली त्या दिवसापासून ‘माझी फाइल सापडत नाही’ हे जे आक्रंदन सुरू झाले, ते अद्याप थांबलेले नाही.

ऑक्टेव्हची जन्मकथा याहून सात्त्विक आहे. रासायनिक अभिक्रियापात्रांच्या रचनेवरील एका पाठ्यपुस्तकास जोड म्हणून 1988 च्या सुमारास त्याची कल्पना निघाली, 1992 साली जॉन ईटन यांनी ते पूर्ण वेळ अंगावर घेतले, आणि 1994 च्या फेब्रुवारीत त्याची पहिली आवृत्ती बाहेर पडली. नाव दिले ते ईटन यांचे एक गुरुजी ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचे. पाठकोऱ्या कागदावर चार आकडे मांडून उत्तराचा झटपट अदमास घेण्यात या गुरुजींचा हातखंडा होता. ज्या पुरुषाला उत्तर काढावयास पाकिटाची मागची बाजू पुरत असे, त्याच्या नावाने चालणाऱ्या सॉफ्टवेअरात लोकांची निम्मी दुपार नुसती फाइल हुडकण्यात जावी, याला दैवदुर्विलासाखेरीज दुसरा शब्द नाही.

या ऑक्टेव्हमध्ये आरंभीच्या काळी मोठी मौजेची एक सोय होती. शोधमार्गात लिहिलेल्या फोल्डरच्या नावापुढे दोन तिरक्या रेघा ओढल्या, की त्या फोल्डरात, त्याच्या पोटातील फोल्डरांत, त्यांच्याही पोटातील फोल्डरांत, असा तळ लागेपर्यंत शोध घेतला जाई. टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी कार्ल बेरी यांनी केपाथसी नावाचे जे शोधयंत्र रचले, त्यातही हीच खूण आहे. नावापुढे दोन रेघा ओढून सारा वंशवृक्ष धुंडाळावयास लावणे, यात एक प्रकारचे राजवैभव होते यात संशय नाही. मात्र या वैभवासोबत माहितीपुस्तिकेत एक सूचनाही छापलेली असे, आणि ती वाचून पुष्कळ जण चकित होत: ज्या फोल्डराचा असा खोलवर शोध घ्यावयाचा, त्यात एक तर पोटफोल्डर असावेत, नाही तर फाइली असाव्यात, दोहोंची सरमिसळ असू नये, नाही तर शोधास दिरंगाई होईल.

वरकरणी ही सूचना एखाद्या कर्मठ मनुष्याच्या सोवळ्याओवळ्यासारखी वाटते, परंतु तिच्यामागचे कारण अस्सल आणि मनोरंजक आहे. युनिक्सच्या राज्यात प्रत्येक फोल्डरच्या नावे एक आकडा टिपलेला असतो, आणि त्या फोल्डरकडे किती नावे बोट दाखवितात ते त्यावरून कळते. वरच्या फोल्डरातले त्याचे नाव हे एक. स्वतःच्या पोटात तो स्वतःला ‘टिंब’ म्हणून ओळखतो ते दुसरे. आणि त्याचा प्रत्येक पोटफोल्डर त्याला ‘दोन टिंबे’ म्हणून हाक मारतो, ती त्यापुढची. याचा अर्थ, आकडा दोनच असेल तर फोल्डर निपुत्रिक आहे, आणि त्याच्या पोटात शिरून पुढे कोठे जावयाचे आहे का हे पाहण्याचे कारणच उरत नाही. शोध घेणारे यंत्र या आकड्यावर नजर टाकून पुष्कळ पायपीट वाचविते. परंतु दोन पोटफोल्डर आणि हजार फाइली एकाच फोल्डरात कोंबल्या असतील, तर त्या दोहोंचा पत्ता लागेपर्यंत समोर येईल त्या प्रत्येकाला ‘आपण फाइल की फोल्डर?’ असे पुसत जावे लागते. आणि हे सर्व दुसऱ्या इमारतीतील सर्व्हरवर असेल, तर प्रत्येक प्रश्न तारेवरून तिकडे जातो आणि प्रत्येक उत्तर तारेवरून इकडे येते. त्यातून, दुसरीकडच्या फोल्डरकडे नुसता निर्देश करणारा जो दुवा असतो, त्याने हा आकडा वाढत नाही. म्हणून निपुत्रिक ठरलेल्या फोल्डरात असा दुवा ठेवला असता शोधणारा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आणि बीटीआरएफएससारख्या काही फाइलव्यवस्थांत तर हा आकडा सरसकट एकच टिपलेला असतो, तेव्हा तेथे ही सारी विद्याच फोल ठरते.

2007 च्या अखेरीस निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत ऑक्टेव्हने ही दोन रेघांची वहिवाट मोडून टाकली आणि मॅटलॅबच्या धर्तीवर ‘अ‍ॅडपाथ’ आणि ‘जेनपाथ’ ही जोडगोळी कामावर नेमली. जुन्या व्यवस्थेत शोधमार्ग हा ‘लोडपाथ’ नावाच्या एका खास चलात ठेवलेला असे, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने लोकांच्या आरंभफाइलींत त्याची किंमत भरणारी ओळ लिहिलेली असे. नवी आवृत्ती आल्यावर त्या ओळीने कसलाही तंटा केला नाही. तिने लोडपाथ नावाचे एक नवे, अगदी सामान्य चल निर्माण केले, त्यात ती लांबलचक यादी दोन रेघांसह जशीच्या तशी भरली, आणि शोधमार्गाचा त्याच्याशी काडीचाही संबंध उरला नाही. हुकूम सुटला, पोहोच मिळाली, अंमलबजावणी शून्य. कारभाराची ही रीत आपल्याला अपरिचित आहे असे कोणी म्हणू नये.

जेनपाथचे काम असे, की त्याला एक फोल्डर दाखविला की तो त्याच्या पोटातील यच्चयावत फोल्डरांची नावे गोळा करून एक लांब ओळ तयार करून देतो, आणि ती ओळ अ‍ॅडपाथ शोधमार्गात चढवितो; तीही, वेगळे न सांगितल्यास, अगदी अग्रभागी. ‘माझे सगळे या एका फोल्डरात आहे, तेव्हा तो पोटफोल्डरांसह घे,’ एवढे एका ओळीत लिहून मनुष्य निश्चिंत होतो, आणि ‘फाइल सापडत नाही’ ही तक्रार त्या क्षणी खरोखरच कायमची मिटते. तिच्या जागी जी दुसरी तक्रार उद्भवते, ती मात्र अशी असते की तिच्यापुढे पहिलीची आठवण सुखाची वाटावी. हरवलेल्या फाइलीचे दुःख निदान तांबड्या अक्षरांत समोर येते. भलतीच फाइल सापडल्याचे दुःख काळ्या अक्षरांत, दशांशचिन्हासकट, उत्तर म्हणून येते.

याचे रहस्य जेनपाथच्या क्रमात आहे. तो आधी मूळ फोल्डर लिहितो आणि मग पोटफोल्डर वर्णानुक्रमे, म्हणजे इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने, मांडतो. आणि अंकांचा मान अक्षरांच्या आधी. आता मनुष्य आपल्या फोल्डरांना नावे कोणती देतो हे ज्याने पाहिले आहे, त्याच्या ध्यानात पुढचे संकट तत्काळ येईल. कामाची ताजी, तावूनसुलाखून घेतलेली प्रत ‘फायनल’ या फोल्डरात असते. टाकवत नाही म्हणून ठेवलेली प्रत ‘बॅकअप’मध्ये, त्याहून जुनी ‘आर्काइव्ह’मध्ये, आणि सर्वांत जुन्या प्रती सालवार, ‘2017’, ‘2018’ अशा आकड्यांच्या फोल्डरांत. इंग्रजी क्रमाने आकडे आधी, त्यांतही 2017 हे 2018 च्या आधी, त्यानंतर ए ने सुरू होणारा आर्काइव्ह, मग बी चा बॅकअप, आणि या सर्व वडीलधाऱ्यांचे झाल्यावर एफ चा फायनल. म्हणजे जी प्रत जितकी जुनी, तितका तिचा अधिकार मोठा. सेवाज्येष्ठतेचे तत्त्व इतक्या कसोशीने सरकारी कचेऱ्यांतसुद्धा पाळले जात नसेल.

या तत्त्वाखाली सापडलेल्या संशोधक विद्यार्थ्याला संध्याकाळच्या वेळी जवळून न्याहाळावे. तो यंत्रांच्या बेअरिंगमधील कंपनांचा अभ्यास करीत आहे, आणि कंपनांची नोंद वाचणारी ‘रीड सिग्नल’ नावाची त्याची एक फाइल आहे. उत्तर अपेक्षेच्या दुप्पट येत आहे. फायनलमधील फाइल उघडून तो दोनाने भागण्याची दुरुस्ती करतो, फाइल जतन करतो, मुख्य प्रोग्राम चालवितो, उत्तर तेच. चाराने भागतो, उत्तर तेच, शेवटच्या दशांशापर्यंत तेच. मग तो फाइलीत ‘येथपर्यंत आलो’ असे पडद्यावर छापणारी ओळ घालतो, आणि पडद्यावर काहीच छापले जात नाही. शेवटी त्याचा धीर सुटतो आणि तो फाइलीच्या मधोमध, व्याकरणाची पर्वा न करता, कळफलकावर मूठ आपटून जी अक्षरे उमटतील ती तशीच ठेवतो. आणि प्रोग्राम निर्विकारपणे, कोणतीही हरकत न घेता, पूर्वीचेच उत्तर देतो. या क्षणी विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, त्यात अद्वैताच्या साक्षात्काराचा आणि पदवी सोडून गावी जाऊन शेती करण्याच्या संकल्पाचा समसमान अंश असतो.

“मॅडम, काहीही लिहिलं तरी चालतंय,” तो बाजूच्या टेबलावरच्या वरिष्ठ संशोधिकेला सांगतो.

“कुठल्या फाइलीत लिहितोयस?” मान वर न करता त्या विचारतात.

“फायनलमधल्या.”

“आणि चालतीये कुठली?”

या प्रश्नाचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरावयास काही काळ जातो. मग मॅडम त्याला ‘व्हिच’ ही आज्ञा फाइलीच्या नावासह आणि ‘ऑल’ या पुरवणीसह लिहावयास सांगतात. पडद्यावर चार ओळी उमटतात. पहिल्या ओळीत 2017 च्या फोल्डरातील रीड सिग्नल, ज्यात तेव्हाच्या यंत्राच्या मापाप्रमाणे दोनाने गुणलेले आहे; त्याखाली आर्काइव्हमधील, बॅकअपमधील आणि सर्वांत शेवटी फायनलमधील; आणि खालच्या तिघींच्या नावांपुढे त्या पहिलीच्या सावलीखाली झाकल्या गेल्याचा शेरा. दुपारभर ज्या फाइलीवर शस्त्रक्रिया चालली होती, ती त्या संध्याकाळी एकदाही कामावर बोलाविली गेलेली नव्हती. “बॅकअप प्रोजेक्टच्या बाहेर ठेवायचं असतं रे,” एवढे सांगून मॅडम पुन्हा आपल्या कामाला लागतात; आणि विद्यार्थी कृतज्ञतेने, चार ओळींपैकी पहिल्या ओळीतील फोल्डर बाहेर नेण्याऐवजी, त्याचे नाव बदलून ‘झेड 2017’ ठेवतो, जेणेकरून वर्णानुक्रमात तो सर्वांच्या मागे जावा.

जुन्या प्रतींचा मोह टाळावा म्हणून जी शहाणी माणसे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे गिट हे सॉफ्टवेअर वापरतात, त्यांची दशा वेगळ्या तऱ्हेची होते. गिट आपला सारा इतिहास ‘.गिट’ नावाच्या एका झाकल्या फोल्डरात ठेवते, आणि त्यातील वस्तूंच्या कोठारात दोन-दोन अक्षरांच्या नावांचे, जास्तीत जास्त 256, पोटफोल्डर तयार होतात. वापरणाऱ्याच्या डोळ्यांना हे काही दिसत नाही. जेनपाथच्या डोळ्यांतून मात्र टिंबाने सुरू होणारे नाव सुटत नाही. त्यामुळे पाच फोल्डरांच्या प्रकल्पाचा शोधमार्ग अडीचशेंच्या वर जातो, आणि प्रत्येक नव्या नावासाठी चौकशीची हद्द अशा कोठारापर्यंत पसरते की जेथे ‘.एम’ची एकही फाइल असण्याचा संभव नाही. आरंभास विलंब का होतो, हे शोधण्याकरिता मग एक वेगळी समिती बसते.

सावली पडण्याचा प्रकार केवळ जुन्या प्रतींपुरता नाही. बेरीज करणारे ‘सम’ आणि सरासरी काढणारे ‘मीन’ ही सॉफ्टवेअरसोबतच आलेली सूत्रे. पण कोणा पूर्वसूरीने आपल्या सोयीसाठी ‘मीन’ नावाची फाइल लिहून ती फोल्डरात टाकून दिलेली असली, की पोटफोल्डरांसह शोध घेताच ती अग्रभागी येते आणि साऱ्या प्रयोगशाळेची सरासरी तिच्या लहरीने निघू लागते. ऑक्टेव्ह अशा वेळी, अमुक फाइल मूळच्या सूत्रावर सावली धरीत आहे, असा इशारा देते. पण इशाऱ्यांच्या ओळी आरंभी इतक्या येतात की त्या वाचण्याची चाल कोणत्याच प्रयोगशाळेत पडलेली नाही. याहून सूक्ष्म संकट चलाचे. एखाद्याने बेरजेच्या उत्तरालाच ‘सम’ हे नाव दिले, की त्या क्षणापासून त्या नावाचा हक्क चलाकडे जातो. पुढे कोणी ‘सम’ला संख्यांची माळ दिली, तर तिची बेरीज होत नाही, ती माळ अनुक्रमांक समजून त्या चलात घटक शोधले जातात, आणि अनुक्रमांक मर्यादेबाहेर गेल्याचा ठपका येतो. फोल्डर निर्दोष, मार्ग निर्दोष, फाइल निर्दोष. आणि तरी दिवसभर सर्वांचे जाबजबाब चालू.

एखादी वस्तू आहे की नाही, हे विचारण्यासाठी ‘एक्झिस्ट’ नावाची आज्ञा आहे, आणि तत्त्वज्ञानाची आवड असणाऱ्याने ती अवश्य वापरून पाहावी. उत्तर होय किंवा नाही असे येत नाही. नसेल तर शून्य. चल असेल तर एक. फाइल असेल तर दोन. जन्मजात सूत्र असेल तर पाच. फोल्डर असेल तर सात. आणि ऑक्टेव्हमध्ये, जे सूत्र कोणत्याही फाइलीत नाही, केवळ आताच कळफलकावरून सांगितलेले आहे, त्याच्या अस्तित्वाचा क्रमांक 103. सत् आणि असत् यांच्या सीमेवर आपल्या दर्शनकारांनी पुष्कळ वाद केले, पण अस्तित्वाची अशी क्रमांकवार वर्गवारी लावून त्यात एकशे तिसरी कोटी ठेवण्याचे धारिष्ट त्यांच्यापैकी कोणाला झाले नाही.

काळाचाही येथे भरवसा नाही. फाइल बदलली आहे की नाही हे ऑक्टेव्ह तिच्यावरील वेळेच्या शिक्क्यावरून ठरविते. आता फाइली जेथे ठेवल्या आहेत तो सर्व्हर आणि ज्यावर काम चालले आहे तो संगणक, यांची घड्याळे जुळत नसली आणि सर्व्हरचे घड्याळ काही मिनिटे पुढे असले, तर नुकतीच जतन केलेली फाइल अजून न उजाडलेल्या क्षणी लिहिली गेली आहे असे दिसते, आणि ऑक्टेव्ह गंभीरपणे इशारा देते की या फाइलीवरील शिक्का भविष्यकाळातला आहे. आपल्या संशोधनाचा जगाला उपयोग भविष्यकाळी होईल असे ज्यांना वाटते, त्यांना यात शुभसूचना दिसण्याचा संभव आहे. ज्यांना ते मंगळवारच्या आत द्यावयाचे असते, ते घड्याळ जुळविण्याच्या मागे लागतात.

अशा प्रसंगी उपाय सांगणाऱ्यांची वाण पडत नाही. एक पंथ ‘बंद करून चालू करा’ म्हणणारांचा. यांचा उपाय कधीकधी लागू पडतो, कारण नव्याने सुरू होताना हंगामी यादी बरखास्त होते, पण ‘सेव्हपाथ’ची आज्ञा देऊन जुनी यादीच कायम केलेली असेल तर तीच पुन्हा गादीवर येते. दुसरा पंथ जहालांचा; हे ‘रिस्टोअर डीफॉल्ट पाथ’ म्हणून सारा मार्गच मूळपदावर आणतात, आणि रोग्याबरोबर रोगही घालवितात. तिसरा पंथ नकलाकारांचा. हे विंडोजवरील मित्राची चालणारी यादी लिनक्सवर जशीच्या तशी चिकटवितात. विंडोजमध्ये दोन फोल्डरांच्या मध्ये अर्धविराम असतो आणि लिनक्समध्ये विसर्गासारखी दोन टिंबे. विंडोजला ती टिंबे वापरता येत नाहीत, कारण तेथे ‘सी’ या ड्राइव्हच्या नावातच ती बसलेली आहेत. त्यामुळे लिनक्सला त्या यादीत ‘सी’ नावाचा एक फोल्डर दिसतो, जो नसतो, आणि पुढे प्रत्येक टिंबांच्या जोडीपाशी तुटलेल्या नावांचे विचित्र फोल्डर दिसतात, जे तर मुळीच नसतात.

या सर्व खटाटोपात एका गोष्टीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्या जेनपाथवर आपण सरसकट सगळे गोळा केल्याचा आळ घेतो, तो स्वतः काही फोल्डर न विचारता वगळतो: ‘प्रायव्हेट’ नावाचा फोल्डर तो यादीत घेत नाही, कारण त्यातील सूत्रे त्याच्या लगतच्या वरच्या फोल्डरातील फाइलींनीच वापरावीत असा संकेत आहे, ‘अ‍ॅट’च्या चिन्हाने सुरू होणारे फोल्डर तो घेत नाही, कारण ते विशिष्ट जातीच्या वस्तूंचे, आणि अधिकचिन्हाने सुरू होणारे घेत नाही, कारण त्यांतील सूत्रांना त्यांच्या पूर्ण नावानेच बोलवावे लागते. यंत्राला जी थोडीफार अक्कल रचणाऱ्यांनी दिली, ती सगळी कोठे पाहावे यात नसून कोठे पाहू नये यात आहे. आणखी काय वगळावे हे मालकाने सांगावयाचे असते, आणि ऑक्टेव्हच्या जेनपाथमध्ये तर वगळावयाच्या नावांसाठी रीतसर जागाही राखून ठेवलेली आहे. परंतु ‘सगळे घे’ म्हणण्यात जे औदार्य वाटते ते ‘हे घेऊ नकोस’ म्हणण्यात वाटत नाही, आणि आपली जुनी प्रत निरुपयोगी आहे असा लेखी दाखला स्वतःच्या हाताने देणे कोणालाही प्रशस्त वाटत नाही.

प्रत्येक प्रयोगशाळेत एक विद्यार्थी असा असतो की ज्याने यातले काहीच वाचलेले नसते. शोधमार्ग त्याला ठाऊक नाही, पोटफोल्डर करण्याचा त्याला कंटाळा आहे, आणि म्हणून त्याच्या साऱ्या फाइली, आलेख, आकडे, रेल्वेच्या तिकिटासकट, एकाच फोल्डरात असतात. तो तेथेच बसून काम करतो. चालू फोल्डरचा मान शोधमार्गातील सर्वांच्या आधी, असा नियम असल्यामुळे त्याला हवी ती फाइल नेहमी मिळते, आणि तो नियम त्याला मरेपर्यंत कळत नाही. मार्गशास्त्रात पारंगत असलेले त्याचे सहाध्यायी मुदतवाढीचे अर्ज लिहीत असताना त्याचा प्रबंध वेळेवर दाखल होतो. निरोपसमारंभाच्या दिवशी मार्गदर्शक त्याच्या पाठीवर हात ठेवतात, त्याचा तो अवाढव्य फोल्डर जसाच्या तसा प्रयोगशाळेच्या सामाईक सर्व्हरवर उतरवून घेतात, पदवीचे साल हेच त्या फोल्डरचे नाव म्हणून घालतात, आणि नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यास सांगतात, “याच्या कामावरच पुढे काम करायचंय तुला, सगळं आहे त्यात, पोटफोल्डरांसह पाथमध्ये घालून टाक.”